पाचगणीच्या पायवाटा आणि आशाताईंचा दिवस

पाचगणीला येणारी मंडळी टेबल लँड पाहतात, सिडनी पॉइंटवरून कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी डोळ्यांत साठवतात, स्ट्रॉबेरी घेतात आणि पसरणीच्या घाटाने वाईकडे उतरतात. अंजुमन-ए-इस्लामची शाळा इथे असल्याने आपल्यातील काही घरांचे इथे मुलांसाठीही येणे-जाणे असते. आम्ही या वेळी बाजारपेठ मागे टाकून खेड्यांकडची वाट धरली. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि ताईघाट या पाच गावांमध्ये वसलेले म्हणून हे पाचगणी. नकाशावर ही गावे हाताच्या अंतरावर दिसतात. पायी निघाले की चढ-उतार त्यांना लांब नेतात.

हे गाव आजाऱ्यांना नवे नाही. महाबळेश्वरचा पाऊस सोसवत नाही म्हणून इंग्रजांनी ही कोरडी जागा निवडली आणि जॉन चेसन यांनी ती वसवली. पुढे 1912 मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी इथे क्षयरुग्णांसाठी बेल-एअर आरोग्यधाम सुरू केले. क्षयावर तेव्हा रामबाण औषध नव्हते. स्वच्छ हवा, सकस अन्न आणि विश्रांती, एवढाच उपचार. घरात क्षय आहे हे लोक दबक्या आवाजात सांगत, कारण पुढे मुलींची लग्ने अडत. औषधे आली आणि ती भीती बरीच ओसरली. दबका आवाज आज मनाच्या आजारासाठी राखून ठेवलेला दिसतो. 'पोरगी गप्प गप्प असते', 'त्याच्यावर काहीतरी असर आहे', यापुढे बोलणे जात नाही.

तो आवाज ऐकण्याचे काम कोणाकडे आहे? मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी. महाराष्ट्र शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये वर्षानुवर्षे चारच: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक सगळ्या तालुक्यांना मिळून एकच. त्यामुळे दारापर्यंत पोचते ती आशाताई.

परिसरातल्या एका गावच्या आशाताईंना आम्ही विचारले, "ताई, दिवस कशात जातो हो?"

त्या हसल्या. "निम्मा चालण्यात, उरलेला लिहिण्यात. कुणापाशी बसायचं म्हटलं तर वेळ चोरावा लागतो बघा."

त्यांच्या पिशवीत गरोदर बायांची नोंद, बाळांच्या लसीकरणाची यादी, रक्तदाब-मधुमेहाचे अर्ज असे सगळे असते. तिशी ओलांडलेल्यांच्या तपासणी अर्जातच मनाविषयी दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटेनासा झाला आहे का, आणि मन उदास, निराश राहते का? विचारायला मिनिटही लागत नाही. पण सासू शेजारी बसलेली असताना कोणती सून खरे सांगेल? म्हणून ताई पाणी मागण्याच्या निमित्ताने मागच्या दारी जातात, नाहीतर तिच्याबरोबर शेताच्या बांधापर्यंत चालतात.

पुढचे काम आणखी वेळखाऊ. घरच्यांना समजावणे, रुग्णासोबत एसटीने दवाखान्यात जाणे, रांगेत थांबणे, मग दर महिन्याला गोळ्या चालू आहेत ना हे पाहणे. बरे वाटले की लोक गोळ्या बंद करतात. झोप येते, हात थरथरतो म्हणूनही सोडतात. आशांच्या बऱ्याच कामांना ठरलेला मोबदला आहे. दुःखी बाईजवळ तासभर बसण्याला रजिस्टरमध्ये रकाना नाही.

तरीही त्या बसण्याची किंमत मोठी आहे. गोव्यात 'संगत' संस्थेने डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास बोलायला बसवले. लॅन्सेटमध्ये 2017 साली छापून आलेल्या निष्कर्षांनुसार त्याने रुग्णांना खरोखर गुण आला. सारे मिळून चार-पाच तास! एवढे तास आपण एका लग्नाच्या खरेदीत घालवतो.

आपल्या घरांत आणखी एक अडसर असतो. माणूस आजारी पडला की आधी दर्गा, आमिल, ताबीज; डॉक्टर सर्वांत शेवटी. यात महिने जातात आणि कार्यकर्तीचा वेळही वाद घालण्यात खर्ची पडतो. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार दर्ग्यात यावर शहाणा मार्ग काढला गेला. 'दवा आणि दुआ' उपक्रमात दर्ग्याचे मुजावरच जियारतीला आलेल्या रुग्णांना तिथल्या डॉक्टरांकडे पाठवू लागले. लोक जिथे आधीच येतात तिथेच कार्यकर्ते बसले. दुआ सोडायला कोणी सांगितले नाही. अल्लाहने प्रत्येक आजारासोबत त्याचा इलाजही उतरवला आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण जाणतोच. तो इलाज शोधणे हाही तवक्कुलचाच भाग नव्हे काय?

असरची वेळ होत आली तेव्हा आम्ही चढ चढून वर आलो. ताईंना अजून तीन घरे करायची होती. त्यांची पायपीट आपल्याला कमी करता येणार नाही, पण त्यांचा वेळ वाचवता येईल. आशाताई दारी आल्या तर त्यांना सुनेशी, मुलीशी, अम्मीशी एकांतात बोलू द्यावे. गोळ्यांची आठवण घरातल्याच एकाने ठेवावी. रात्री-अपरात्री मन फार खचले तर टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. तो फ्रिजवर चिकटवून ठेवावा. आणि घरातले कोणी गप्प गप्प दिसले, तर मगरिबनंतर टीव्ही बंद करून अर्धा तास त्याच्याजवळ बसावे. त्यासाठी कोणत्याही रजिस्टरची गरज नाही.