घरी कोण राहतं?

आमच्या फॉर्मवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. या घरात नेहमी राहणारी माणसं किती?

मी एका आरोग्य सर्वेक्षणात घरोघर जाऊन माहिती भरते. हातात टॅब, पाठीवर सॅक, सॅकमध्ये बीपीचं मशीन, वजनकाटा, मोजपट्टी आणि मुठीची ताकद मोजायचं एक यंत्र. प्रश्न अगदी साधा आहे. पण मी ज्या पाथर्डी तालुक्यातली आहे, तिथे तो जूनमध्ये विचारला तर एक उत्तर येतं आणि जानेवारीत विचारला तर दुसरंच.

जानेवारीत आमच्याकडे गल्लीच्या गल्ली कुलूपबंद असते. ज्या घराला कुलूप नसतं त्या घराच्या ओट्यावर एखादी म्हातारी बसलेली दिसते आणि अंगणात दप्तर टाकून खेळणारी पोरं. बाकीचे ऊसतोडीला गेलेले असतात.

आमचा जिल्हा कागदावर आता अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच. तो एक असला तरी त्याचे दोन भाग आहेत. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांचा ऊस. महाराष्ट्रात सहकारी तत्त्वावरच्या साखर कारखान्यांची सुरुवात १९५० मध्ये तिथेच झाली, प्रवरानगरला. आणि इकडे पाथर्डी, जामखेडचा कोरडवाहू भाग, जिथून तो ऊस तोडायला माणसं जातात. कुणी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी थेट कर्नाटकात. दिवाळीच्या आगेमागे जायचं, मार्च-एप्रिलला परतायचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. म्हणजे आमच्याकडे माणसांची मोजणीसुद्धा हत्याराच्या नावाने होते.

सर्वेक्षणात बहुतेकदा सहा महिन्यांची अट असते. वर्षातला बहुतांश काळ जो घरात राहतो, तो घरचा. हंगाम पाच-सहा महिन्यांचा. त्यामुळे आमची घरं बरोबर त्या रेघेवर उभी असतात. जानेवारीत टॅबमध्ये भरलं तर निघतं, ‘ज्येष्ठ महिला, सोबत अल्पवयीन मूल.’ त्यापुढे लिहायला जागा नसते.

अशा एका ज्येष्ठ महिलेनं मला वाढवलंय. माझी आजी.

आई-बाबा गेले की मी आणि दादा तिच्याजवळ. तेव्हा ती पंचेचाळीसच्या आसपास असेल. डोक्यावर हंडा, कडेवर मी, मागे दोन शेळ्या, असं ती विहिरीवरून यायची. आता तिचं वय बहात्तर. गुडघे गेलेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. नवीन यंत्र मिळालं तेव्हा सराव म्हणून मी ते तिच्या हातात दिलं. सगळा जीव एकवटून तिनं दाबलं. आकडा आला अकरा किलो.

मुठीची ताकद कशाला मोजतात, असं लोक विचारतात. तर सतरा देशांतल्या जवळपास १ लाख ४० हजार माणसांवर एक अभ्यास झाला, त्यात भारतही होता. २०१५ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. मूठ जितकी कमजोर, तितका मृत्यूचा धोका जास्त. आणि हा अंदाज बांधायला मुठीची ताकद रक्तदाबाहूनही जास्त उपयोगी पडली. भारतात वार्धक्यावरचा सगळ्यात मोठा अभ्यास ‘लासी’ नावाने चालतो. मुंबईची लोकसंख्या विज्ञान संस्था त्यात पुढे आहे. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत पंचेचाळीस वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांना भेटून त्यांची मूठ, चाल, वजन, आठवण असं बरंच काही मोजलं गेलं.

हे सगळं मी आजीला माझ्या परीनं समजावून सांगितलं. पुढचा प्रश्न होता, ‘तुम्ही सध्या काही काम करता का?’

‘लिही, घरीच असते,’ ती म्हणाली. मग जरा थांबून, ‘घरी असते म्हणजे बसून असते का गं मी?’

मी ‘काम करत नाही’वर बोट ठेवलं नाही. सरावाचाच फॉर्म होता, तो तसाच सोडून दिला. पण तिचं बोलणं डोक्यातून जाईना. कोयता म्हणजे दोन माणसं, असं मुकादम धरतो. तिसरं माणूस घरी पोरं, शेळ्या आणि घराचं कुलूप सांभाळत असतं म्हणून ती दोन माणसं जाऊ शकतात. त्या तिसऱ्याला उचल नाही. म्हातारपणी घरी राहणं हे शहरात सुखाचं मानतात. आपल्या माणसांत, आपल्या अंथरुणावर. आजीच्या बाबतीत माणसं अंथरुण सोडून निघून जातात आणि ती पहाऱ्याला उरते.

दुसरं शरीर आईचं. तिनं पंचवीसेक हंगाम काढले. पहाटे चारला उठून भाकरी थापायच्या, अंधारात फडात शिरायचं. बाबा तोडणार, ती पाचट सोलून मोळी बांधणार आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणार. मोळी तीस-चाळीस किलोची. गाडीवर लावलेल्या फळीवरून ती मोळी घेऊन चढायचं. खाडा झाला तर पैसे कापले जातात. पाळी आली तरी खाडाच. फडात ना आडोसा, ना पुरेसं पाणी. चौतिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली. डॉक्टर म्हणाले, कटकट मिटेल. दोन महिन्यांनी ती परत फडात होती. आज तिला कंबर धरून उठावं लागतं, आणि हे वयामुळे की कामामुळे की त्या ऑपरेशनमुळे, ते कुठल्याच फॉर्ममध्ये वेगळं काढता येत नाही.

आई एकटी नव्हती, हे आम्हाला २०१९ मध्ये कळलं. शेजारच्या बीड जिल्ह्याच्या बातम्या आल्या, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजार ८०० हून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. आईनं ती बातमी टीव्हीवर पाहिली आणि एवढंच म्हणाली, ‘आमच्या टोळीतल्या मोजल्या का?’

जगात दुसरीकडेही उसाच्या फडानं शरीरं मोडली आहेत. निकाराग्वा, एल साल्वादोरमध्ये उसाच्या मळ्यांतल्या तरुण मजुरांच्या किडन्या निकामी होऊ लागल्या. संशोधकांचा रोख उन्हातल्या अतिश्रमाकडे आणि अंगातलं पाणी आटण्याकडे गेला. त्यातून आलेला उपाय तीन शब्दांचा आहे: पाणी, विश्रांती, सावली. वाचताना वाटतं, एवढंच? पण आमच्याकडे मजुरी टनावर आहे. विश्रांती घ्यायची म्हणजे स्वतःच्याच पैशातली घ्यायची.

तिसरं शरीर सगळ्यात लहान.

दादाचा मुलगा, माझा भाचा, आता सहा वर्षांचा आहे. तो आठ महिन्यांचा असताना वहिनीबरोबर फडावर गेला, कारण अंगावर पिणारं लेकरू मागे ठेवता येत नाही. त्याचं अंगणवाडीतलं कार्ड मी जपून ठेवलंय. ऑक्टोबरात ७ किलो ६०० ग्रॅम; हिरव्या पट्ट्यात. त्यानंतरचा ठिपका थेट एप्रिलमधला, ८ किलो, पिवळ्या पट्ट्यात. सहा महिन्यांत चारशे ग्रॅम. मधली जागा कोरी.

त्या कोऱ्या जागेत काय झालं ते वहिनी सांगू शकते. सहाव्या महिन्यानंतर नुसतं दूध पुरत नाही, वरचं मऊ अन्न दिवसातून अनेकदा थोडं थोडं भरवावं लागतं. फडात ती पाच-पाच तास मोळ्या वाहायची आणि बाळ उसाच्या सावलीला साडीच्या झोळीत. भरवायला माणूस नाही. दोनदा जुलाब झाले. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. उंची अशी हळूहळू, कुणाच्या लक्षात न येता कमी पडत जाते. वजन नंतर भरून काढता येतं, उंचीचं तसं सोपं नसतं.

तर एक म्हातारपण, एक कष्ट, एक वाढ. तिन्हींवर अभ्यास होतात, चांगले होतात. पण वार्धक्यवाल्यांची टीम येते तेव्हा आई घरी नसते. कामगारांचा सर्व्हे कोपीवर होतो, तिथे आजी नसते. अंगणवाडीचं कार्ड गावात राहतं आणि बाळ दुसऱ्या जिल्ह्यात. आजीची मूठ अकरा किलोवर आली की बाळ तिच्याजवळ ठेवता येत नाही. बाळ फडावर गेलं की त्याची रेघ खाली येते. आईची कंबर आधीच गेलेली, म्हणून वहिनीच्या वाट्याला जास्त मोळ्या. ही एकाच घरातली एकच गोष्ट आहे. तिची तीन पानं तीन वेगळ्या फायलींत लागली आहेत.

ती एकत्र वाचता येतात, हेही आमच्याच जिल्ह्यात घडलेलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. त्यांनी दवाखाना काढलाच, पण खरी मदार ठेवली ती गावानं निवडलेल्या बायकांवर. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्या जामखेडला जाऊन शिकायच्या आणि गावात परतून बाळंतपण, वजन, जुलाब, पाणी, सगळं बघायच्या. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये तिथे दर हजार जन्मांमागे १७६ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. २००४ मध्ये २४. पुढे २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. प्रकल्पातल्या गावांची आसपासच्या इतर गावांशी तुलना केली तर पहिला महिना ओलांडलेल्या बाळांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता.

मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की वजन करणारी बाई त्याच गावची होती. कोणतं पोर का वाळलं, त्याची आई कुठे कामाला जाते, घरी सासू आहे की नाही, हे तिला विचारावं लागत नव्हतं. आकडा तिच्या हातात यायचा तोच सगळ्या घरासकट.

गेल्या दिवाळीत आमच्या घरात दुसऱ्यांदा तोच प्रश्न आला. दादाला मुलगी झालीय. तेव्हा ती सात महिन्यांची होती, वजन ६ किलो ४०० ग्रॅम. मुकादम दोन कोयत्यांची उचल घेऊन दारात आला होता: आई-बाबा एक, दादा-वहिनी एक. दादाच्या डोक्यावर बोअरचं कर्ज होतं. तो गप्प होता.

मी भाच्याचं कार्ड काढून जमिनीवर ठेवलं. आजीच्या मुठीचा आकडा सांगितला. आईला म्हटलं, तुझी कंबर तू सांग. संशोधन वगैरे शब्द मी वापरले नाहीत. नुसती ती कोरी जागा दाखवली आणि विचारलं, यंदा पण अशीच ठेवायची का?

बाबा म्हणाले, बाप-लेक मिळून एक कोयता करू. म्हणजे उचल निम्मी. आई राहील, वहिनी राहील. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात वहिनी आतून म्हणाली, ‘मला कुणी विचारलं का?’

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, घरी राहून मी काय करणार? इथे कापूस वेचायला रोज निघतं, ते पण रोज नाही. कर्ज दोघांच्या नावावर आहे. उद्या कमी पडलं की सगळे म्हणणार, ही घरी बसली म्हणून. आजीला वापरलेला तोच शब्द, ‘बसली’. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी आजीच म्हणाली, ‘कोण म्हणतंय बघते मी. तू पोरीला भरव. मी तुला सांभाळते, तू तिला सांभाळ.’

वहिनी संक्रांतीपर्यंत थांबायला तयार झाली. पुढचं पुढे बघू म्हणाली. मुकादम एकाच कोयत्याची उचल देऊन गेला. बोअरचे दोन हप्ते थकले आहेत, आणि कधीतरी दादाचा फोन येतो तेव्हा त्याच्या आवाजात ते कळतं. यातून आमच्या घराचा प्रश्न सुटलाय, असं मी म्हणणार नाही. मजुरी टनावर आहे तोवर आणि फडावर पाळणाघर नाही तोवर तो सुटणारही नाही. आमच्या गल्लीतली चार बाळं याही वर्षी झोळीत गेली. त्यांच्या आयांना दाखवायला माझ्याजवळ पगारदार नणंदेचा आधार नव्हता, नुसते आकडे होते. आकड्यांवर कुणाचं कर्ज फिटत नाही.

तरी सांगते. संक्रांत झाली. वहिनी गेली नाही. भाचीचं कार्ड परवा पाहिलं. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, प्रत्येक महिन्याला एक ठिपका आहे. ठिपके फार वर नाहीत, पण हिरव्यात आहेत. शेवटचा ७ किलो १०० ग्रॅमचा. आजीला ती आता उचलवत नाही, म्हणून आजी तिला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसते आणि वाटीतली खिमट भरवते. एक घास भरवायला पाच मिनिटं लागतात. फॉर्मवर या कामाला अजून रकाना नाही. मी शेरा लिहायच्या जागेत लिहायला सुरुवात केली आहे.