भरून ठेवलेलं घर

घरात सगळ्यात जास्त कोणती वस्तू वापरली जाते, असं विचारलं की हात आपसूक मोबाइलकडे जातो. सरकारी मोजणीचा हातही साधारण त्याच दिशेनं गेला होता. २०११ च्या जनगणनेत घरोघरी रेडिओ, टीव्ही, संगणक, फोन, सायकल, दुचाकी आणि चारचाकी मोजली गेली, आणि देशातल्या १७.८ टक्के घरांत यांपैकी एकही वस्तू निघाली नाही. तक्त्यात ही घरं अगदी रिकामी दिसतात. पण त्या घरांतही गंज होता, सराटा होता, पावशी होती, कोपऱ्यात उभा केलेला फडा होता, पाणी भरलेला गुंड होता. मोजणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जी वस्तू घरोघरी आहेच, ती मोजून एका घराचा दुसऱ्या घराहून फरक कळत नाही, आणि जनगणनेला हवा असतो तो फरकच. मात्र त्यामुळे झालं असं की वस्तू जितकी अटळ तितकी ती हिशेबाबाहेर गेली. यवतमाळ जिल्ह्यापुरतं बोलायचं तर हिशेबाबाहेर राहिलेल्यांत पहिला मान भरून ठेवायच्या भांड्याचा आहे. ड्रम, गुंड, घागर, माठ, कॅन. इथलं घर मुळात साठवणीवर चालतं, बाकीचा संसार तिच्या आधारानं.

हा काही वाळवंटाचा मुलूख नव्हे. पाऊस वर्षाकाठी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, कुठे त्याहून जास्त. अडचण मापाची नसून वेळेची आहे. बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो, आणि खाली जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळा पाषाण. त्याच्या सांध्याभेगांत मुरेल तेवढंच पाणी राहणार, उरलेलं पैनगंगेला नाहीतर वर्धेला. यवतमाळ शहराची मदार निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर होती. २०१७ चा पावसाळा हुकला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात शहरात पंधरा-पंधरा दिवसांनी नळ आले. ‘नळ आले’ हा शब्दप्रयोगही बघण्यासारखा आहे. भिंतीतून कुठेही न हललेला नळ इथे पाहुण्यासारखा येतो आणि जातो. आता साधा हिशेब करू. जलजीवन मिशननं माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलंय. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या अठराहून जास्त घागरी. पंधरा दिवसांचे झाले ४१२५ लिटर. दोनशे लिटरचे निळे ड्रम मांडले तर वीस ड्रमही पुरे पडायचे नाहीत. ज्या घरात चार ड्रम ठेवायला जागा आहे, त्या घरात पंधरा दिवस माणशी रोज अकरा लिटरसुद्धा येत नाहीत. कोण कधी नहाणार, जाड कपडे कधी भिजणार, लेक बाळंतपणाला आता आणायची की पावसाळ्यानंतर, हे त्या घरात ड्रमच ठरवतात.

गुंड जवळून पाहा. पोट गोल, कारण तेवढ्याच पितळेत गोल आकारात पाणी जास्त मावतं आणि कोपरे नसल्यानं चिंचेचा कोळ हाताबरोबर सगळीकडे फिरतो. गळा अरुंद, म्हणून चालताना पाणी हिंदकळून सांडत नाही, आणि तिथेच हाताचा विळखा बसतो. काठ बाहेर वळवलेला, दोराचा फास अडकावा म्हणून. खांद्याशी ठोक्याठोक्यांनी कोरलेलं नाव, कुणी कुणाला आंदण दिलं त्याचं. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य १९५८ च्या आपल्या अहवालात भारतातल्या साध्या लोट्यावर थांबलं. हा आकार कुणा एका माणसानं रचलेला नाही, पिढ्यांच्या वापरानं तो घडवला, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे, पण लोटा तळहातावर धरून न्याहाळता येतो. भरलेला गुंड डोक्यावर असतो आणि त्याच्याखाली चुंबळ असते. कारागिरीच्या पुस्तकांत चुंबळीला फारसं कुणी घेत नाही. जुन्या लुगड्याचा पट्टा पिळून गोल करायचा आणि टोक आत खोचून द्यायचं, झाली चुंबळ. गोल बुडाचं भांडं तिच्यामुळे डोक्यावर ठरतं, घरी आल्यावर जमिनीवरही ठरतं. काम झालं की सोडली, पुन्हा फडकं. तिला आकार राहतो तो वजन असेपर्यंतच. प्लास्टिकची घागर आली तेव्हा धातू गेला, वजन गेलं, किंमत पडली. पण गळा, पोट आणि वळवलेला काठ साच्यात जसाच्या तसा उतरला, आणि चुंबळ तर बदललीच नाही.

यावर कुणी म्हणेल, वापर तासांत मोजा, मोबाइलच जिंकतो. हातात असण्यालाच वापर म्हणायचं असेल तर जिंकू दे. पण भरलेला ड्रम रात्री दोन वाजता, घर झोपलेलं असताना, कुणी हात न लावताही कामावर असतो. मागच्या मंगळवारचं पाणी तो पुढच्या सोमवारपर्यंत पोचवत असतो. साठवणीची वस्तू असा काळाच्या अंतरावर चालणारा पूल असते, आणि इथे ते अंतर पाण्यापुरतंच नाही. कापसाची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटून कुपाशी रचली जाते, ती चुलीचं पुढच्या कित्येक महिन्यांचं सरपण. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला, आणि तोच भाव पुन्हा येईल म्हणून पुढच्या हंगामात कित्येकांनी कापूस घरातच भरून ठेवला. माणसं ओसरीत, कापूस खोलीत. भाव उतरत गेला. पूल बांधला म्हणून पलीकडे काठ असेलच असं नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ही सगळी टंचाईची सामग्री. घरोघर नळ पोचला की ड्रम भंगारात जाईल, मग तिचं कौतुक कशाला? नळ पोचावा याबद्दल दुमत नाही. पण नळ आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पांढरकवडा, झरी जामणी या भागांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड आहे, आणि दातांवरचे पिवळे-तपकिरी डाग आणि आखडलेले सांधे ही त्याची खूण. हापशी चालू असूनही पिण्याचा कॅन वेगळाच ठेवावा लागतो. आणि जिथे सगळं सुरळीत झालं तिथे तरी साठवण सुटली का? ती गच्चीवर गेली. हजार लिटरची काळी टाकी म्हणजे घागरच, नजरेआड केलेली. बाईच्या मानेवरचं वजन मोटारीवर गेलं, हा फरक मात्र थोडा नाही, आणि टाकीच्या बाजूनं माझं मत केव्हाही पडेल. घागरीची गाणी आपण पुष्कळ केली. एक लिटर पाणी एक किलो भरतं, एवढं ओझं काही त्यांत उतरलं नाही.

साठवणीचा एक डंखही आहे. डेंग्यूचा डास घाण डबक्यात नव्हे, अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या अंगाला चिकटवून. पाणी संपून ड्रम सुकला तरी ती अंडी महिनोन्‌महिने टिकतात, आणि पाणी पुन्हा चढलं की आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं. सल्ला शास्त्राला धरून आहे. पण नळ पंधरवड्यानं येणार असेल तर आठव्या दिवशी भरला ड्रम उपडा करायचा कुणाच्या जिवावर? अशा घराला कापडानं घट्ट तोंड बांध, बूड आणि कडा घास, हे सांगणं जास्त उपयोगाचं. घासायला मुळात ड्रम रिकामा लागतो, आणि तो रिकामा असतो नळ यायच्या आदल्या रात्रीच.

त्या रात्री तळाचं गढूळ पाणी तुळशीला आणि मोरीला जातं. ड्रम आडवा पाडून कुणी पोरगं कमरेपर्यंत आत शिरतं आणि काथ्यानं खराखरा घासतं. आतून त्याचा आवाज घुमतो. पहाटे तोटी आधी नुसतीच फुसफुसते, मग खोकल्यासारखे दोन झटके, मग तांबूस धार. ती फरशीच्या बादलीत. धार निवळली की पाइप ड्रममध्ये. ड्रम काठोकाठ आले की गंज, कोपर, पोरांच्या पाण्याच्या बाटल्या, आंघोळीचं बकेट, हाताला येईल ते. गुंडाची पाळी शेवटी, पाणी सगळ्यात नितळ असतं तेव्हा. फडक्याची चुंबळ करून त्यावर तो बसवतात, वर झाकण, झाकणावर गडू उपडा.