मान मोडलेली वाद्ये

मातीचे मडके फुटले तर त्याचे काय करावयाचे, हे घरातल्या लहान पोरासही सांगावे लागत नाही. काचेचा पेला फुटला तर आधी अनवाणी पायांस ओरडून दूर करावयाचे व मग केरसुणी शोधावयाची, हाही क्रम ठरलेला आहे. वाद्य मोडले म्हणजे मात्र घरात एक चमत्कारिक स्तब्धता पसरते. ते केर नव्हे, म्हणून लोटता येत नाही. आणि माणूसही नव्हे, म्हणून त्याच्यासाठी रडण्याची चोरी! आमच्या वडिलांच्या पिढीत हा प्रसंग तंबोऱ्याच्या वाट्यास येई. भोपळ्यास तडा गेला की तंबोरा गवसणीत घालून मिरजेस रवाना होई. तेथील कारागिरांचे पूर्वज शस्त्रांना धार लावणारे शिकलगार. एकोणिसाव्या शतकात तलवारीचे दिवस सरले आणि हीच मंडळी सतारी-तंबोऱ्यांकडे वळली. 2024 साली मिरजेच्या या दोन्ही वाद्यांस भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्हांस त्या फुटक्या भोपळ्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

आता पुष्कळ घरांत तंबोऱ्याच्या कोपऱ्यात गिटार उभी असते. 'उभी असते' हे शब्द आम्ही जाणूनबुजून लिहीत आहो, कारण तिच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या उभे असण्यात आहे. तंबोरा निजविण्याची तरी चाल होती. गिटार भिंतीस, खुर्चीस, कपाटास, फार काय, खिडकीच्या पडद्यासही टेकून उभी केली जाते. टेकवणारा मनुष्य पाणी पिऊन येतो, तोवर ती घसरते.

पडली म्हणजे ती पोटावर फुटत नाही, मानेत मोडते. यास कारण आहे. तारा माथ्याजवळच्या खाचांच्या पट्टीवर घट्ट दाबून बसाव्यात म्हणून पुष्कळ गिटारींचे डोके मागे कललेले असते. मान आणि डोके एकाच लाकडातून कोरले, तर लाकडाचा रेषा मानेत सरळ धावतो. परंतु डोके जेथे कलते तेथे तो तिरपा कापला जाऊन आखूड पडतो. नेमक्या त्याच जागी मान सर्वांत बारीक, आणि वाद्याच्या मानेतील लोखंडी सळईची चावी फिरविण्यासाठी तेथेच लाकूड पोखरलेले! त्यापुढे खुंट्यांचे वजन. शिवाय सहा पोलादी तारा सुमारे सत्तर किलोंच्या ओढीने त्या डोक्यास अहोरात्र पुढे खेचीत असतात. वाद्य उताणे पडले की धड जमिनीवर थांबते, डोके मात्र आपल्या वजनाने आणखी थोडे पुढे जाऊ पाहते. पेटीत बंद असतानाही असे घडते. वरून पेटीस ओरखडाही नसतो आणि आत मान मोडलेली असते. पेटी उघडणाऱ्याची त्या वेळची मुद्रा ज्यांनी पाहिली असेल, त्यांस अधिक सांगणे नलगे.

अमेरिकेतील गिब्सन कंपनीच्या गिटारी या दुखण्याविषयी विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांच्या डोक्याचा कल 17 अंशांचा असे. 1965 च्या सुमारास तो 14 अंशांवर आणला गेला. पुढे काही वर्षांनी मानेच्या मागे त्या नाजूक जागी लाकडाचा एक उंचवटाही ठेवण्यात येऊ लागला. उपाय शहाणपणाचा होता. परंतु वाजविणाऱ्यांस तो उंचवटा आवडला नाही, जुने वाद्य तेच खरे असा त्यांचा आग्रह. आणि 1980 नंतर तो उंचवटा गेला व जुना कल परत आला. आपल्याकडे जुन्या वाड्याचा उंच उंबरठा, सर्वांस ठेच लागत असताही, कोणी काढू देत नाही, त्यातलाच हा प्रकार. याच्या उलट लिओ फेंडर यांची गोष्ट. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांस गिटार वाजविता येत नसे, आणि आमच्या मते हेच त्यांच्या पथ्यावर पडले. 1950 साली बाजारात आणलेल्या गिटारीस त्यांनी डोके सरळ ठेविले, आणि मान चार स्क्रूंनी धडास जोडली. मोडली तर काढावी, दुसरी बसवावी! दुसऱ्याच वर्षी त्यांनी बेस गिटार केली. तिची तार 34 इंचांची, मान लांबलचक. पण तिलाही हीच युक्ती. पुढे 1963 साली गिब्सनने 'थंडरबर्ड' नावाची बेस काढली. तिची मान थेट धडातून आरपार गेलेली, डोके मोठे व जड. ती पडली की काय होते हे वाचकांनी ताडलेच असेल. आणि तिची मान बदलताही येत नाही.

थोरामोठ्यांच्या वाद्यांसही हे भोग चुकलेले नाहीत. 1964 साली लंडनच्या हॅरो भागातील एका खानावळीत पीट टाउनशेंड वाजवीत असता त्यांच्या गिटारीचे डोके ठेंगण्या छतात घुसून मोडले. लोक हसले, तेव्हा त्यांनी रागाने उरलेली गिटारही फोडून टाकली. आणि पुढे वाद्य फोडणे हाच त्यांच्या कार्यक्रमाचा भाग झाला. अपघाताची अशी प्रथा व्हावी हे आम्हांस रुचत नाही. बी. बी. किंग यांची कथा मात्र निराळी. 1949 च्या हिवाळ्यात आर्कान्सातील ट्विस्ट नावाच्या गावी ते वाजवीत होते. दोघे इसम एका स्त्रीवरून भांडले, घासलेटाची शेगडी लवंडली आणि घर पेटले. किंग बाहेर पडले आणि आपल्या गिटारीसाठी पुन्हा आगीत शिरले. त्या स्त्रीचे नाव लुसील होते असे त्यांस दुसऱ्या दिवशी कळले, आणि तेच नाव त्यांनी आपल्या वाद्यास ठेविले. असा वेडेपणा पुन्हा करू नये याची खूण म्हणून. 2015 च्या एका अमेरिकन चित्रपटात तर मार्टिन कंपनीच्या संग्रहालयाने उसनी दिलेली 1870 च्या दशकातील गिटार नटाने खरोखरच फोडली. फोडण्यासाठी प्रतिकृती तयार होत्या. आपल्या हातात खरी आहे हे त्यास कोणी सांगितलेच नाही. समोरच्या नटीच्या किंकाळीत अभिनय नव्हता असे म्हणतात. विम्याचे पैसे मिळाले. संग्रहालयाने मात्र चित्रपटांस वाद्ये उसनी देण्याचे बंद केले.

परंतु आमच्या मनात घर करून राहिली आहे ती विली नेल्सन यांची गिटार. 1969 साली त्यांच्या आधीच्या गिटारीवर कोणा मद्यप्याचा पाय पडला. दुरुस्त होण्याजोगी ती राहिली नाही, म्हणून त्यांनी न पाहताच मार्टिनची एक गिटार घेतली. ती बोटांनी छेडण्याची. नख लागू नये म्हणून पोटावर बसवितात तशी पट्टी तिला नाही. नेल्सन नखीने वाजवीत राहिले आणि वर्षानुवर्षे घासून तिच्या पोटास भोक पडले. त्या भोकास कोणी नुकसान म्हणत नाही. त्याची छायाचित्रे घेतात.

हे सर्व आठवण्यास गेल्या दिवाळीपूर्वीचा एक प्रसंग कारण झाला. आमचे थोरले बंधू नोकरीनिमित्त पणजीस राहत. तेथे त्यांनी 1988 साली एक गिटार घेतली. कलकत्त्याची साधी बनावट. तिची किंमत सांगण्याजोगी नव्हे. तिच्या पाठीवर त्यांच्या पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे, कडेला डबा पडून झालेला खळगा, डोक्यावर कधी काळच्या सिगारेटचा काळा डाग. बंधूंस जाऊन दोन वर्षे झाली. गिटार पुण्यास वहिनींच्या घरी कपाटाआड उभी असे. पुतण्या अधूनमधून वाजवी. घराला रंग देणे निघाले. एका पोरसवदा रंगाऱ्याने कपाट सरकविले आणि गिटार उताणी पडली. डोके मोडून तारांवर लोंबू लागले. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, त्यांनी पाहिले, आणि त्या मुलास एवढेच विचारले, "चहा घेतलात का तुम्ही?"

तो म्हणाला, "बाई, आठ दिवसांची मजुरी घेऊ नका." पुतण्या तेथेच होता. "आठ दिवसांनी बाबा येणार आहेत का?" असे तो म्हणाला आणि आत निघून गेला. यावर काय बोलावे? आम्ही त्या वेळी तेथे होतो. आम्हांस दोघांचेही म्हणणे खरे वाटले. रात्री वहिनी मुलास म्हणाल्या, "अरे, त्यांनी स्वतः दोनदा पाडली होती." तो म्हणाला, "ते निराळे." खरोखर निराळे कसे, हा विचार आमचा पिच्छा सोडीत नाही. बकलाचे ओरखडे आठवण, आणि ही मोड तेवढी नुकसान! लाकडास दोन्ही जखमाच. ज्याच्या हातून इजा व्हावी तो आपला असला की तिचे नाव बदलते. आणि त्या रंगाऱ्याच्या पोरास या घरात आपले होण्यास वाव तो कोठून असणार?

शेजारच्या एका सद्गृहस्थांनी लगोलग चटकन चिकटणारा डिंक आणला होता. पुतण्याने तो लावू दिला नाही, हे फार बरे केले. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने पहिला प्रश्न हाच केला, "कोणी काही लावले तर नाही ना?" ताजी मोड ही चांगली मोड, असे तो म्हणे. तारा लगेच सैल कराव्यात, निघालेले कपचे जपून ठेवावेत, तुकडे पुन्हा पुन्हा जुळवून पाहू नयेत. कारण दर खेपेस रेषे चेंगरतात आणि सांधा बोथट होतो. चांगला सरस नीट आत गेला आणि शिकंजात रात्रभर आवळून राहिला, तर सांधा मूळ लाकडाहूनही बळकट होतो. त्याने दर सांगितला तो गिटारीच्या किमतीहून अधिक निघाला. "नवी घ्या," असा प्रामाणिक सल्लाही दिला. पुतण्या म्हणाला, "नवी नको."

सांधा रंग देऊन लपवावा की दिसू द्यावा, यावर मायलेकांत एक दिवस वाद झाला. मुलास तो दिसावयास नको होता. वहिनी म्हणाल्या, राहू दे. शेवटी तो राहिला. अंगठा मानेवरून वर नेला तर किंचित लागतो. आवाजात फरक नाही असे पुतण्या सांगतो. आम्हांस तर पूर्वीचाही आवाज नीटसा आठवत नाही.

रंगाचा दुसरा हात चालू असता वहिनींनी त्या मुलास सहज विचारले, तेव्हा कळले की ठेकेदाराने त्याची चार दिवसांची मजुरी परस्पर कापली होती, 'घरमालकाच्या नुकसानीपोटी' म्हणून. घरमालकास त्याची वार्ताही नव्हती, पैसे तर दूरच! वहिनींनी ती रक्कम देऊ केली. त्याने हात मागे घेतले. "मोडली मी, आणि पैसे तुमच्याकडून कसे घेऊ?" असे त्याचे म्हणणे. मग पुतण्या, ज्याचा राग अद्याप पुरता निवळला नव्हता, आपण होऊन ठेकेदाराकडे गेला. तासाभराने परत आला तो तोंड आंबट करूनच. दोन दिवसांची मजुरी ठेकेदाराने त्याच्यादेखत मुलाच्या हातावर ठेवली होती. उरलेली दोन दिवसांची पुढच्या कामात देतो म्हणाला. शेवटच्या दिवशी त्या मुलाने कोणी न सांगता नव्या रंगाच्या भिंतीत एक मजबूत आकडा ठोकून दिला. गिटार आता तेथे टांगलेली असते. त्याचा दूरध्वनी क्रमांक वहिनींनी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेविला आहे, आणि महिना उलटला की त्या तो पुढच्या पानावर उतरवितात. पुढचे काम अद्याप निघालेले नाही.