गाव सुटले, 'कर' राहिला

रोह्यात राहणाऱ्याला रोह्यात कोणी रोहेकर म्हणत नाही. तिथे सगळेच रोह्याचे. गावात माणूस ओळखायचा तो आळीवरून, विहिरीवरून, फार तर आजोबाच्या एखाद्या खोडीवरून. गावाचे नाव चिकटते ते बोचके बांधून वेस ओलांडल्यावर. नव्या ठिकाणी कोणीतरी विचारतो, "कुठले तुम्ही?" आणि त्याला दिलेले उत्तर पुढे पिढ्यान्‌पिढ्या सहीत उतरते.

देशपांडे, कुलकर्णी, फडणीस, पोतनीस या आडनावांमागे दप्तर आहे, हुद्दा आहे. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने गेली, तरी आडनावांचा तोरा काही उतरला नाही. बहुतेक 'कर' मंडळींच्या पदरी असले काही नाही. एखाद्या खोताने, इनामदाराने आपल्या गावाचे नाव मिरवले असेल, त्याची गोष्ट निराळी. बाकीचे निघाले ते पोटामागे, नाहीतर भाऊबंदकीला विटून. मला तरी हेच आडनाव अधिक जवळचे वाटते.

दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर आडनाव लावले आणि त्या गावाचे नाव रेडिओवरून घरोघर गेले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सकपाळ पलटणीच्या नोकरीपायी बाहेर पडले. पुढे आंबेडकर हे नाव कोणाला सांगावे लागले नाही.

पण 'कर' किती लांब जाऊ शकतो हे पाहायचे तर कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे तिथले ज्यू, पाहावेत. हे लोक कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, गावांतून तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. देव निराळा, प्रार्थना हिब्रूतली. आडनावे मात्र पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर. इस्रायल १९४८ मध्ये स्थापन झाले आणि पुढच्या काही दशकांत त्यांतले बहुतेक तिकडे गेले. लोद, अश्दोद, बीरशेबा इथे आता पेणकरांची सही उजवीकडून डावीकडे होते. नवस फेडताना प्रेषित एलियाहू हन्नाबीपुढे मलिदा येतो तो मात्र कोकणातलाच: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडा, भोवती फळे.

आडनावावरून कुठून निघालो ते कळते, कशापायी निघालो ते नाही. तुमच्याही नावाला 'कर' असेल, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला हे विचारून घ्या. पुढच्या दिवाळीची वाट पाहू नका.