साखरखेर्ड्याच्या घरातली पाच दारं

फ्लॅट घेताना आपण टाइल्सवर तीन वीकएण्ड घालवतो. किचन ट्रॉलीजवर चार. भिंतीच्या रंगावरून तर नवरा-बायकोत शीतयुद्ध होतं. आणि दारं? ‘बिल्डर देईल ती!’ मीही हेच म्हटलं होतं. पुण्यातल्या माझ्या टू बीएचकेतली सगळी दारं एका साच्यातली. तीच फ्लश डोअर्स, तोच लॅमिनेट, तीच स्टीलची कडी. दोन वर्षं मला ती दिसलीच नाहीत.

मग गेल्या पावसाळ्यात बाबा बाथरूममध्ये घसरून पडले.

दार आतून लावलेलं आणि उघडणारंही आतच. बाबा नेमके दाराला लागून पडले होते. ढकलावं तर दार त्यांच्याच खांद्यावर! मी, बायको, वॉचमन आणि शेजारचे जोशीकाका, चौघं बाहेर आणि आत एकटे बाबा. शेवटी तेच फरशीवर सरपटत बाजूला झाले, तेव्हा कुठे आम्ही कडी उखडून आत शिरलो. पंचवीस मिनिटं गेली. हाड मोडलं नव्हतं, खांदा तेवढा सुजला. पण चालायला लागल्यावर त्यांनी एकच धोशा लावला, “मला साखरखेर्ड्याला सोड.”

तर दिवाळीत निघालो. छत्रपती संभाजीनगर, जालना करत सिंदखेडराजा गाठायचं आणि तिथून आत वळायचं. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून मुंबईकरांनाही हा भाग जवळ आलाय. सिंदखेडराजाला थांबलोच. १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला, तो लखुजीराव जाधवांचा राजवाडा इथे आहे. त्याच्या प्रवेशद्वारासमोर उभं राहिलं की मान आपोआप वर जाते. ते दार पाहुण्याला आधी घराण्याची उंची सांगतं, आत घेण्याचं काम नंतर!

साखरखेर्डा इतिहासाच्या पुस्तकात एका लढाईमुळे आहे. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझ खान इथे भिडले. मुबारिझ खान मारला गेला आणि आसफजाही घराण्याला दख्खनचं दार उघडलं. विजयाच्या खुशीत गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं गेलं, पण लोकांच्या तोंडी साखरच राहिली. आज लोक येतात ते पलसिद्ध महास्वामींच्या मठात आणि प्रल्हाद महाराजांच्या दर्शनाला. मी मात्र आमच्या घराची दारं बघत बसलो. कारण मोठे काका म्हणाले, “बघून घे. उन्हाळ्यात घर पाडतो. स्लॅबचं बांधायचं. दारं घ्यायला जुन्या लाकडाचा व्यापारी येऊन गेला.”

घर वाडा म्हणावं एवढं मोठं नाही. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर धाबं. पण त्यात एकासारखं दुसरं दार नाही.

पहिलं, रस्त्यावरचं. बैलगाडी आत येईल एवढं मोठं सागवानी कवाड आणि त्याच्याच पोटात माणसापुरती दिंडी. मोठं दार सणासुदीला नाही तर सुगीला उघडायचं, एरवी दिंडी. रात्री आतून आडवा अडसर. आलेला माणूस आधी दिंडीतून बघायचा, मग ठरवायचं. आपलं जाळीचं सेफ्टी डोअर दुसरं काय करतं? मेन डोअर साडेतीन फुटी ठेवा, भरीव ठेवा. सोफा आणि फ्रिज त्यातूनच यायचाय! पण बाहेर जाळीचं दार हवंच.

दुसरं, माजघराचं. दोन झडपांचं. एक झडप कायम उघडी, त्यामुळे वारा खेळतो आणि आतल्या बायकांना आडोसाही मिळतो. गंमत म्हणजे दोन्ही झडपा उघडल्या की भिंतीच्या जाडीतच बसतात, खोलीतली जागा खातच नाहीत. आपलं तीन फुटी दार उघडायला तीन फूट जागा मागतं. तेच दोन झडपांत केलं तर दीड फुटात भागतं. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये हा दीड फूट म्हणजे कपाट उघडतं की नाही याचा प्रश्न असतो, राव!

तिसरं, देवघराचं. बुटकं. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. लहानपणी मी वाकायचो नाही, म्हणून कपाळावर अजून खूण आहे. फ्लॅटमध्ये हे करू नका. आजीआजोबांच्या कमरेला ते झेपणार नाही.

चौथं, धान्याच्या कोठीचं. अरुंद, जाड फळ्यांचं आणि कडी पार वर, चौकटीच्या डोक्यावर. काहून? तर पोरांचा हात पोचू नये म्हणून! आठव्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या दाराला कडी कुठे असावी, हे आमच्या पणजोबांना न विचारताच ठाऊक होतं.

पाचवं दार नाहीच. परसातली न्हाणी. तीन बाजूंना भिंत आणि पुढे वळण घेतलेला आडोसा. भिंतीवर टॉवेल दिसला की समजायचं, कुणीतरी आत आहे. मी काकांना बाबांची गोष्ट सांगितली. ते न्हाणीकडे बघत म्हणाले, “आई इथं दोनदा पडली. दोन्ही वेळा हाक मारली अन् आम्ही आत. काहून रे, तुमच्या तिकडं पडल्या माणसाला उचलायला आधी परवानगी लागते काय?”

बाबा ओसरीवर बसून ऐकत होते. काही बोलले नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, “पुण्याला येईन. पण त्या बाथरूमला कडी लावणार नाही.”

बाबा, वय बहात्तर. आयुष्यभर ताठ जगलेला माणूस माझ्या घरात दार नुसतं लोटून आंघोळ करणार होता. मला घास गिळवेना.

पुण्याला परतल्यावर पहिला फोन सुताराला. आता आमच्या बाथरूमचं दार बाहेर उघडतं. पाण्याने फुगू नये म्हणून डब्ल्यूपीसीचं आहे. चौकट फोडून रुंद करून घेतली. व्हीलचेअरला निदान बत्तीस इंच मोकळी वाट लागते आणि अडीच फुटी दारात ती मिळत नाही. कुलूप असं, की आतून लावलं तरी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येतं. पॅसेज अरुंद असेल आणि बाहेर उघडणारं दार येणाऱ्या-जाणाऱ्याला लागत असेल, तर बाहेरच्या भिंतीवरून सरकणारं बसवा. खर्च? ज्या मॉड्युलर ट्रॉलीज मी वर्षातून दोनदा कौतुकाने दाखवतो, त्यांच्यापेक्षा खूपच कमी.

काकांनी बाकीची दारं व्यापाऱ्याला द्यायचं ठरवलंय. दिंडीचं कवाड मात्र नव्या घराच्या कंपाउंडला बसणार आहे. “गाडी आता बैलाची नाही, एवढंच,” ते म्हणाले.

आणि बाबा? संक्रांतीला आले. पहिल्या दिवशी आंघोळीला गेले, तेव्हा मी उगाचच पॅसेजमध्ये पेपर घेऊन उभा होतो. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग मी हॉलमध्ये जाऊन बसलो.

तर मंडळी, पुढच्या रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायला जाल, तेव्हा किचनचे फोटो नंतर काढा. आधी बाथरूममध्ये शिरा, दार लावून घ्या आणि स्वतःलाच विचारा, मी इथे पडलो तर बाहेरचा माणूस आत येईल कसा?