आधी पत्ता, मग व्हिसा

पोर्तुगालचा निवासी व्हिसा मागणाऱ्या कुटुंबाला अर्जासोबत पोर्तुगालमधल्या घराचा पुरावा जोडावा लागतो. हा पुरावा म्हणजे बहुतेक वेळा वर्षभराचा भाडेकरार. करार करायचा तर तिथला करक्रमांक हवा. त्याला सगळे ‘नीफ’ म्हणतात आणि तो नऊ आकडी असतो. भाडे भरायला तिथल्या बँकेत खाते हवे, आणि खाते उघडायलाही पुन्हा नीफच. म्हणजे पुण्यातल्या किंवा नाशिकच्या घरात बसून, फक्त फोटोंत पाहिलेल्या शहरातल्या एका गल्लीतले घर आधी भाड्याने घ्यायचे, त्याचे भाडे सुरू करायचे, आणि मग त्या देशाला विचारायचे की आम्ही येऊ का. क्रम उलटा आहे खरा. तो ज्यांना आधी कळतो त्यांचे पैसेही वाचतात आणि झोपही.

व्हिसाचे प्रकार अनेक असले तरी कुटुंबासह निघणाऱ्यांच्या कामाचे मोजकेच. पेन्शन, घरभाडे, व्याज अशा बसल्या जागी येणाऱ्या उत्पन्नावर जगणाऱ्यांसाठी डी-७; दुसऱ्या देशातल्या कंपनीचे काम लॅपटॉपवर करणाऱ्यांसाठी २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेला डी-८; पोर्तुगीज कंपनीने नोकरी दिली असेल तर कामाचा व्हिसा. हिशेबाचे माप एकच, तिथले किमान वेतन. २०२५ मध्ये ते महिना ८७० युरो होते. डी-७ साठी अर्जदाराचे पूर्ण वेतन, जोडीदाराचे निम्मे आणि प्रत्येक मुलाचे तीस टक्के धरतात. दोन मुलांच्या चौकोनी कुटुंबाला महिना १,८२७ युरो दाखवावे लागत. डी-८ ला चौपट, म्हणजे तेव्हा ३,४८० युरो. घर विकत घेऊन ‘गोल्डन व्हिसा’ मिळवण्याची वाट २०२३ मध्ये बंद झाली. पर्यटक म्हणून जायचे आणि तिथे पोचल्यावर कागद नियमित करून घ्यायचे ही वाटही जून २०२४ मध्ये बंद झाली. एजंटांच्या जाहिरातींत मात्र या दोन्ही वाटा अजून हिरव्यागार दिसतात.

एकाने पुढे जायचे आणि बाकीच्यांना मागाहून बोलवायचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. गल्फला गेलेल्या पिढीने तो पाळला. पोर्तुगालने २०२५ मध्ये कुटुंबाला बोलावण्यासाठी सर्वसाधारणपणे दोन वर्षांच्या वास्तव्याची अट घातली. लहान मुले असलेल्या जोडप्यांना तीत सूट आहे. मूल नसलेल्या नवविवाहितांना आणि आईवडिलांना बोलावू पाहणाऱ्यांना तिचा फटका बसतो. म्हणून सर्वांना एकत्र अर्ज करता येत असेल तर तो तसाच करावा.

काही घरांत व्हिसाचा प्रश्नच वेगळा असतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीव इथे जन्मलेल्यांना पोर्तुगीज कायद्याने नागरिकत्वाचा हक्क आहे, आणि जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात झाली की तो मुलांपर्यंत आणि नातवंडांपर्यंत पोचतो. सावंतवाडी-दोडामार्गच्या एखाद्या घरातली आजी पेडण्याला किंवा डिचोलीला जन्मलेली असते आणि तिच्या जन्माची नोंद पोर्तुगीज अमदानीतल्या जुन्या वहीत वळणदार अक्षरात निघते. मात्र त्या नोंदीच्या जोरावर पासपोर्ट घेतला की भारताचे नागरिकत्व जाते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात दुहेरीची सोय नाही. शिवाय असा पासपोर्ट घेतलेल्या पुष्कळ गोवेकरांनी पोर्तुगालला मुक्काम केलाच नाही, ते थेट इंग्लंडला, स्विंडनसारख्या गावांत, कामाला गेले. ब्रेक्झिटनंतर, २०२० अखेर, ती वाट मिटली.

कागदपत्रांची खरी परीक्षा नावात होते. पासपोर्टवर स्वतःच्या नावाच्या रकान्यात वडिलांचे किंवा नवऱ्याचे नावही शिरलेले असते. बायकोच्या जन्मदाखल्यावर माहेरचे आडनाव, पासपोर्टवर सासरचे, पदवीवर पुन्हा माहेरचे. सासूबाईंच्या पिढीत तर लग्नात नावच बदलले जाई, त्यामुळे जन्मदाखल्यावरची कुसुम आणि रेशनकार्डावरची सुमती एकच हे पटवायला प्रतिज्ञापत्र लागते, कधी राजपत्रातली जाहिरात. जुन्या जन्मदाखल्यांवर अनेकदा बाळाचे नावच नसते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते: मुलगा, तारीख, आईबापांची नावे, गाव, बस्स. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन ते नाव आता चढवून घ्यावे लागते. मग राज्य सरकारचे साक्षांकन आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल. भारत २००५ पासून हेगच्या अपोस्टिल करारात आहे आणि पोर्तुगाल त्याच्या कितीतरी आधीपासून, म्हणून दूतावासाच्या शिक्क्यांची जुनी रांग टळते. जन्माचा आणि लग्नाचा दाखला ही कामे वर्षभर आधी सुरू केली तरी चालते. पोलिसांचा ना-गुन्हा दाखला मात्र थोड्याच महिन्यांत शिळा होतो, तो शेवटी काढायचा. मुलांच्या लसीकरणाचे पिवळे-निळे कार्ड अशा वेळी हमखास सापडत नाही.

निघण्याची तारीख कोणती? व्हिसा येईल ती, असे उत्तर देणारे कुटुंब मुलांचा विचार करायला विसरलेले असते. पोर्तुगालमधले शाळेचे वर्ष सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते आणि जूनमध्ये संपते. आपले एप्रिलमध्ये संपते. मधले चार-पाच महिने म्हणजे मुलाला भाषा कानावर पडू देण्याचा सर्वांत स्वस्त काळ. त्यातही ऑगस्ट टाळावा. त्या महिन्यात निम्मा देश सुट्टीवर असतो, कचेऱ्या रेंगाळतात आणि समुद्राकाठची भाडी पर्यटकांच्या मापाची होतात. मे अखेरीस किंवा जूनमध्ये पोचणे उत्तम.

तिथली मूलभूत शाळा चार, दोन आणि तीन वर्षांच्या तीन टप्प्यांत विभागलेली आहे, पुढे तीन वर्षे माध्यमिक. सरकारी शाळा मोफत, प्रवेश राहत्या भागाप्रमाणे, आणि पालकांचे निवास-परवान्याचे कागद अपुरे आहेत म्हणून मुलाला शाळा नाकारता येत नाही. पहिल्या चार वर्षांत वर्गाला मुख्यतः एकच शिक्षक असतो. या वयाचे मूल दिवाळीपर्यंत मैदानावरची भाषा उचलते, नाताळपर्यंत आईबापांच्या उच्चारांना हसू लागते. मोठ्या मुलांचे तसे नाही. परभाषिकांसाठी पोर्तुगीजचा वेगळा वर्ग असतो खरा, पण दहावीलाच विज्ञान, अर्थशास्त्र, मानव्यविद्या किंवा कला अशी शाखा निवडायची आणि अकरावी-बारावीला राष्ट्रीय परीक्षा पोर्तुगीजमधून द्यायच्या. गुणही वीसपैकी, तिथे अठरा मिळाले म्हणजे मूल हुशार, आणि ही गोष्ट शंभरपैकी पंच्याण्णवाची सवय असलेल्या पालकांच्या पचनी पडायला वेळ लागतो. आठवी-नववीतल्या मुलाला घेऊन निघणे हा सर्वांत अवघड पर्याय आहे. पाचवीच्या आत, नाहीतर बारावीनंतर. मधल्या वयासाठी इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळा आहेत, पण त्यांची फी दोन मुलांना मिळून घरभाड्याच्या पुढे जाऊ शकते.

देश लहान आहे, क्षेत्रफळ सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-तृतीयांशाहून कमी. तरी कुठे राहायचे हा प्रश्न लहान नाही. नोकऱ्या मुख्यतः लिस्बन आणि पोर्तोत, आणि महागाईही तिथेच. ब्रागा, कोइंब्रा, सेतुबाल ही शहरे त्यामानाने सोसणारी. कोइंब्राचे विद्यापीठ १२९० चे, त्यामुळे त्या शहराला विद्यार्थ्यांची आणि परक्यांची सवय आहे. भारतीय वस्ती म्हणावी तर ती मुख्यतः लिस्बनच्या परिसरात. मोझांबिकहून १९७५ च्या सुमारास आलेली गुजराती कुटुंबे, गोव्याची जुनी घराणी, आणि अलीकडे दक्षिणेकडच्या ओदेमिराच्या पॉलीहाऊसमध्ये बेरी तोडणारे पंजाबी आणि नेपाळी मजूर. मराठी घरे विखुरलेली. तूरडाळ, हिंग आणि गूळ मिळण्याचे ठिकाण म्हणजे लिस्बनमधला मार्तिम मोनीश चौक आणि त्यामागच्या मोरारिया वस्तीतली दुकाने. आरतीसाठी गुजरात्यांचे राधा-कृष्ण मंदिर.

तिथल्या जाहिरातीतला ‘टी-२’ म्हणजे आपला टू बीएचके. घरमालक दोन महिन्यांपर्यंतची अनामत मागतो, आगाऊ भाडे मागतो आणि वर जामीनदार मागतो. नव्या माणसाला जामीन राहणार कोण? त्यामुळे आणखी काही महिन्यांचे भाडे हातात ठेवूनच बोलणी करावी लागतात. फोटोत दिसत नाही ती थंडी. लिस्बनच्या हिवाळ्यात बाहेरचे तापमान रात्री आठ-दहा अंशांच्या आसपास, दिवसा उन्हात बसले तर स्वेटरही नको होतो. पण जुन्या घरांच्या भिंतींना थंडी अडवण्याची सोय नसते आणि गरम करण्याची यंत्रणा क्वचितच. नोव्हेंबरपासून पाऊस लागला की कपाटामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. कोकणातल्या माणसाला ओल नवी नाही, पण चार महिने पांघरुणात गारठलेली ओल नवी असते. म्हणून घर पाहताना ऊर्जा-प्रमाणपत्रावरचे अक्षर पाहावे, ते ‘ए’च्या जवळ असेल तितके बरे. विजेचा मंजूर भारही विचारून घ्यावा. तो ३.४५ केव्हीए इतका कमी असला तर ओव्हन चालू असताना कोणी हीटर लावला की घरभर अंधार. आपला मिक्सर तिथल्या २३० व्होल्टवर बिनतक्रार चालतो, फक्त पिन बदलावी लागते. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर मात्र इंडक्शन शेगडीवर मुका बसतो. स्टीलचा, जाड बुडाचा न्यावा.

सामानाच्या बाबतीत युरोपीय संघाचे नियम आजीच्या डब्यांवर सर्वांत कठोर आहेत. दूध आणि मांस यांपासून केलेला कोणताही पदार्थ प्रवाशाच्या बॅगेतून नेता येत नाही, म्हणजे साजूक तूप नाही, पेढे नाहीत, खव्याची पोळी नाही. सुके बोंबील चालतात. माशांना माणशी वीस किलोपर्यंत मुभा आहे. नारळ चालतो, कढीपत्त्याची डहाळी आणि तुळशीचे रोप रोगमुक्तीच्या सरकारी दाखल्याशिवाय चालत नाही. घरचे फर्निचर आणि भांडी जहाजाने पाठवली तर, ती निदान सहा महिने वापरातली असली आणि कुटुंब वर्षभर युरोपीय संघाबाहेर राहत असले तर, जकात लागत नाही. तरी पाट, जाते आणि पितळी घंगाळ यांपलीकडे फारसे काही वाहून नेण्यात हशील नाही.

पैशाचे काम कंटाळवाणे पण थोडे. बचत खाते एनआरओ करून घ्यायचे; चालू पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येते, नवे उघडता येत नाही; फ्लॅटसाठी विश्वासातल्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र. वर्षात १८३ दिवसांहून अधिक राहिले की पोर्तुगाल निवासी म्हणून कर लावतो, आणि दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. नोकरीचा पगार तिथे वर्षाला चौदा हप्त्यांत मोजतात, सुट्टीचा एक आणि नाताळचा एक धरून. वर्षाला २८ हजार युरो म्हणजे महिना २,३३३ नव्हे, २,००० युरो, आणि त्यातूनही सामाजिक सुरक्षेचे अकरा टक्के व आयकर वजा. भाडे ठरवताना हा आकडा धरावा.

मागे राहणाऱ्या आईवडिलांचे नियोजन कोणत्याही चेकलिस्टमध्ये नसते. भारत पोर्तुगालच्या हिवाळ्यात साडेपाच तास पुढे, उन्हाळ्यात साडेचार. प्राथमिक शाळा, पुढचे उपक्रम धरून, साडेपाचला सुटली तर इथे रात्रीचे दहा-अकरा वाजलेले असतात. उरते ती सकाळ: नातवाचे दूध-पोळी आणि आजीचे दुपारचे जेवण यांची गाठ. मुंबईहून लिस्बनला थेट विमान नाही. दुबई, इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात ते बदलावे लागते, आणि बातमी वाईट असली तर हे अंतर दुप्पट होते. कोणाकडे घराची किल्ली, कोणत्या इस्पितळात फाईल, रात्री दोनला हाक मारावी असा शेजारी कोण, हे लिहून त्याच्या दोन प्रती ठेवाव्यात. परतण्यालाही मर्यादा आहे. पहिल्या परवान्याच्या काळात सलग सहा महिने किंवा तुटक मिळून आठ महिने बाहेर राहिले तर परवाना धोक्यात येतो. आजारपणात सेवेला येऊन राहणाऱ्याने हा हिशेब पक्का करून यावे.

व्हिसा चार महिन्यांचा असतो. त्या अवधीत ‘आइमा’ या कचेरीत परवान्यासाठी हजर व्हायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये जुने खाते मोडून ही संस्था उभी राहिली, तीच सुमारे चार लाख तुंबलेली प्रकरणे वारशात घेऊन. तारीख पुढे ढकलली जाते हे गृहीत धरूनच घरात पैसा राखावा. दरम्यान वॉर्डाच्या कचेरीतून रहिवासाचा दाखला आणि सरकारी आरोग्य केंद्रात नावनोंदणी ही कामे होतात. पहिला परवाना दोन वर्षांचा, पुढचा तीन वर्षांचा. नागरिकत्वासाठी २०२५ पर्यंत पाच वर्षांचे वास्तव्य आणि पोर्तुगीजची प्राथमिक परीक्षा पुरे होती. २०२५ मध्ये तिथल्या संसदेने भारतीयांसारख्या परदेशीयांसाठी ही मुदत दहा वर्षे करण्याच्या बाजूने मत दिले. केवळ पासपोर्टच्या आशेने निघणाऱ्यांनी त्यामुळे बेत पुन्हा तपासावा. बाकीच्यांना भारताचा पासपोर्ट सोडून ओसीआय कार्ड घ्यायचे की नाही, हे निघण्याआधी ठरवण्याची घाई नाही.