शेवटच्या ताटाचं पित्त

आमच्या लहानपणी नगरजवळच्या केडगावात घरटी एकीला तरी पित्ताचा त्रास असायचा. कुणाची आई, कुणाची मोठी चुलती, कुणाची आजी. ‘आज पित्त खवळलंय गं,’ एवढंच म्हणून ती मोरीत जायची. तांब्याभर कोमट पाण्यात मीठ कालवायची, ते घटाघटा प्यायची आणि घशात दोन बोटं घालून सगळं पाडायची. डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम. मग चूळ भरायची, पदरानं तोंड पुसायची की पुन्हा चुलीपुढं. आम्ही पोरं दाराशी उभी असायचो. घाबरत कुणी नसे, इतकं ते नेहमीचं होतं.

औषधांना तोटा नव्हता. नगर म्हणजे वैद्य गंगाधरशास्त्री गुण्यांचं गाव. आयुर्वेद महाविद्यालय इथं १९१७ पासूनचं. फळीवर सूतशेखराच्या गोळ्या असत, बरणीत मोरावळा असे. अगदीच छाती जळायला लागली तर चिमूटभर खाण्याचा सोडा, नाहीतर कपभर गार दूध. कारण मात्र एकच सांगितलं जाई: ‘तिची प्रकृतीच पित्ताची.’ आणि तिथं विषय संपे.

आज कळतं, तो तिथं संपायला नको होता. अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूंची एक झडप असते. घास खाली गेला की तिनं मिटायचं. ती सैल पडली, किंवा पोटातला दाब वाढला, की जठरातलं आम्ल वर चढतं. जठराला आतून चिकट अस्तराचं संरक्षण असतं, अन्ननलिकेला तसं नसतं. म्हणून ती भाजते. आंबट पाणी घशाशी येतं, छातीच्या मधोमध आग होते.

आता त्या बायांचा दिवस आठवून पाहा. पहाटे उठल्या की आधी मिश्री. तंबाखूतलं निकोटिन ही झडप सैल करतं. मग उपाशीपोटी चहा, आणि भाकऱ्या थापता थापता आणखी एक. न्याहारीला बसायची सवड नाही. रात्री आधी पोरं, मग म्हातारी माणसं. घरातला कर्ता दुसऱ्या पाळीला असला तर बारापर्यंत त्याची वाट पाहायची. तो जेवला की मग हिचं ताट: उरलेली भाकरी, तळाला राहिलेलं तर्रीदार कालवण, वाया जाऊ नये म्हणून भाताचे चार घास जास्तच. तेलकट जेवण जठरातून हलायला वेळ घेतं. भांडी विसळली की लगेच आडवं व्हायचं. भरलेलं पोट, सैल झडप आणि आडवा देह. रात्री दोनला ती उठून बसायची ते यामुळं. त्यात लागोपाठची बाळंतपणं. गरोदरपणात संप्रेरकांनी झडप ढिली पडते आणि वाढता गर्भ पोट खालून वर दाबतो.

नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेला नगरहून माणसं पहाटेच अनवाणी चालत यायची. आमच्या घरच्या बायांचे नऊ दिवस उपवास. दिवसभर चहावर काढायचा आणि रात्री शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी पोटभर. चौथ्या-पाचव्या माळेला जळजळ ठरलेली. श्रद्धा त्यांची होती, तिचा मान आहेच. पण मध्ये थोडं काही खा, असं त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

‘माधवनिदान’ या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आम्लपित्ताचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात कारण म्हणून खाण्यापिण्यावरच बोट ठेवलं आहे. आमच्या घरांनी आयुर्वेदातलं औषध तेवढं उचललं. ओकारी काढून सुटल्यासारखं वाटे, पण प्रत्येक वेळी तेच आम्ल अन्ननलिकेवरून आणि दातांवरून जाई. गार दूध घटकाभर शमवी आणि पुढं आम्ल पुन्हा वाढवी. १९८८ साली स्वीडनमध्ये ओमेप्राझोल बाजारात आलं. पुढं तसल्या गोळ्या आपल्याकडं घरोघर पोचल्या. त्या आम्ल कमी करतात, जखम भरून येते. पण झडप घट्ट करत नाहीत आणि जेवणाची वेळही बदलत नाहीत. डॉक्टरांना न विचारता त्या वर्षानुवर्षं घेणं बरं नव्हे.

त्या बायांतल्या कितीतरी आज सत्तरीत आहेत आणि अजूनही ‘मला मागून वाढ’ म्हणतात. त्यांना साडेसातलाच जेवायला बसवा. जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उचला. डाव्या कुशीवर झोपायला सांगा. मिश्री सुटत नसेल तर कमी तरी करू द्या. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल तर दवाखाना गाठा. छातीत दडपण येऊन घाम फुटला, हात किंवा जबडा दुखायला लागला, तर पित्त समजून सोडा पाजत बसू नका. ते हृदयाचं असू शकतं.

त्यांचं दुखणं प्रकृतीपेक्षा पंगतीतल्या जागेचं जास्त होतं. ती जागा बदलणं आपल्या हातात आहे.